रिव्हर्स प्रॉक्सी की लोड बॅलन्सर? एकाचे दोन सर्व्हर करताना नेमकं काय निवडायचं

पाटीपेन्सिल

नमस्कार. एका निर्णयाशी येऊन अडकले आहे, म्हणून हा धागा.

आमचं नोंदणी आणि अहवालांचं वेब ॲप्लिकेशन आहे. चार कोअरचं एकच मशीन. त्यावर पुढे एंजिनएक्स (ब्राउझरची मागणी आधी घेणारा वेब सर्व्हर), मागे गुनिकॉर्नचे (पायथन ॲप चालवणारा सर्व्हर) ९ साधे सिंक वर्कर, डेटाबेस वेगळ्या मशीनवर. दोन वर्षं कुरकुर न करता चाललं. अलीकडे महिनाअखेरीला सगळे एकदम येतात तेव्हा ५०२ आणि ५०४ हे चुकांचे आकडे दिसायला लागतात, पंधरा-वीस मिनिटं पान उघडत नाही आणि मग आपोआप सगळं ठीक होतं. त्या वेळी सीपीयू पाहिला तर ३० टक्क्यांच्या वर गेलेला नसतो.

वरून निरोप आलाय, "लोड बॅलन्सर बसवा." दुसरं मशीन घ्यायला परवानगीही मिळाली आहे. पण वाचायला बसलं की गोंधळ वाढतो. एके ठिकाणी एंजिनएक्सला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात, दुसरीकडे त्यालाच लोड बॅलन्सर. एचएप्रॉक्सी हा लोड बॅलन्सर, आणि नावात मात्र प्रॉक्सी. वार्निश, ट्रॅफिक, एन्व्हॉय ही नावंही मध्येच येतात. आहे त्या एंजिनएक्समध्येच दोन सर्व्हर लिहायचे, की तो काढून एचएप्रॉक्सी आणायचा, की दोन्ही ठेवायचे? ज्यांनी हे रोज चालवलंय त्यांचं ऐकायचं आहे.

सर्किटब्रेकर

आधी शब्दांची गाठ सोडवू, कारण अर्धा गोंधळ तिथलाच आहे.

रिव्हर्स प्रॉक्सी ही जागा आहे आणि लोड बॅलन्सिंग हे काम. ब्राउझर आणि ॲप यांच्या मध्ये उभा राहून जो ब्राउझरशी सर्व्हरसारखा बोलतो आणि ॲपशी क्लायंटसारखा, तो रिव्हर्स प्रॉक्सी. त्याच्यामागे एकच ॲप असलं तरी तो रिव्हर्स प्रॉक्सीच. त्या जागेवरून तो बरंच काही करतो: टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) उलगडणं, स्थिर फायली देणं, कॅश, संथ क्लायंटला सांभाळणं, पत्ता पाहून मागणी वळवणं. मागे दुसरा सर्व्हर उभा केलात की वाटणी हे त्यातलंच आणखी एक काम. म्हणजे तुमच्याकडे रिव्हर्स प्रॉक्सी आजही आहे, वाटायला मात्र काही नाही.

उलट बाजूनं, लोड बॅलन्सर हा प्रॉक्सी असलाच पाहिजे असं नाही. लिनक्सच्या कर्नेलमध्ये आयपीव्हीएस आहे, १९९८ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर प्रकल्पातून आलेलं. ते चौथ्या थरावर चालतं: कनेक्शनचा पत्ता आणि पोर्ट पाहून पाकिटं पुढे ढकलतं, आतली एचटीटीपी मागणी उघडत नाही. त्यातल्या थेट राउटिंगच्या पद्धतीत तर उत्तर बॅलन्सरकडे परत येतही नाही, सर्व्हर ते परस्पर क्लायंटला पाठवतो. वेग अफाट, पण कुकी, हेडर, पानाचा पत्ता यातलं काहीच दिसत नाही. सातव्या थरावरचा प्रॉक्सी मागणी वाचतो, म्हणून "अहवाल इकडे, बाकी सगळं तिकडे" असं त्याला सांगता येतं. तुमचं वर्णन वाचून मला तुमच्यासाठी हा दुसरा प्रकारच योग्य वाटतो.

हलका_हात

एंजिनएक्सच ठेवा असं माझं मत. इगोर सिसोएव्ह यांनी २००२ मध्ये तो लिहायला घेतला आणि २००४ मध्ये खुला केला, तोच मुळी एका सर्व्हरवर दहा हजार कनेक्शन कशी पेलायची हा त्या काळातला प्रश्न सोडवायला. तुमची गर्दी त्याच्या खिजगणतीतही नाही. अपस्ट्रीम गटात (मागच्या सर्व्हरांच्या यादीत) दोन ओळी लिहिल्या की वाटणी सुरू. काही सांगितलं नाही तर तो पाळीपाळीनं देतो. तुम्हाला त्याची सवय आहे, आणि मध्यरात्री काही बिघडलं तर माहितीतलं साधन हाताशी असणं फार मोलाचं.

रात्रपाळी

पाटीपेन्सिल, दुसरं मशीन घेण्याआधी जरा थांबा. सीपीयू ३० टक्के आणि तरी पान उघडत नाही, म्हणजे मशीन थकलेलं नाही. ते कशाची तरी वाट बघत बसलंय. कशाची, ते कळेपर्यंत कुठलंही साधन निवडलंत तरी आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी अशी गत होईल.

५०२ आणि ५०४ एकत्र मोजू नका. ५०२ म्हणजे मागच्यानं, म्हणजे ॲपनं, कनेक्शन नाकारलं किंवा उत्तर पुरं व्हायच्या आत तोडलं. ५०४ म्हणजे मागचा दिलेल्या वेळात बोललाच नाही. लॉगमध्ये ४९९ दिसला तर तो एंजिनएक्सचा स्वतःचा आकडा आहे: माणूस वाट बघून कंटाळला आणि निघून गेला. तिन्ही दुखणी वेगळी आहेत.

आता लॉगच्या फॉरमॅटमध्ये तीन वेळा जोडा: मागणीचा एकूण वेळ, मागच्याशी जोडणी व्हायला लागलेला वेळ, आणि मागच्याकडून उत्तर यायला लागलेला वेळ. दहा मिनिटांचं काम आहे. गर्दीच्या दिवसाचा लॉग घेऊन या, मग एंजिनएक्स की एचएप्रॉक्सी यावर बोलू.

दोनाचेचार

रात्रपाळींशी सहमत. तरीही एचएप्रॉक्सीची बाजू मांडून ठेवतो, कारण वर ती कुणी मांडली नाही.

विली तारो यांनी २००० च्या सुमारास सुरू केलेला हा प्रॉक्सी पहिल्यापासून वाटणीसाठी घडवलेला आहे. फायली देणं हे त्याचं काम नाही. टीएलएससुद्धा त्यात २०१४ च्या १.५ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक पुढे दुसरं काहीतरी लावत. पण तीन गोष्टींत तो मला फार उपयोगी पडलाय.

पहिली म्हणजे तपासणी. फुकट मिळणारा एंजिनएक्स सर्व्हर मेलाय की नाही हे खऱ्या ग्राहकाची मागणी फसल्यावरच ओळखतो. मूळ मांडणीत एक चूक झाली की दहा सेकंद त्या सर्व्हरला बाजूला ठेवतो, मग पुन्हा खऱ्या मागणीनं चाचपून बघतो. स्वतःहून ठरावीक वेळानं विचारपूस करणं त्याच्या सशुल्क आवृत्तीत आहे. एचएप्रॉक्सी ही विचारपूस फुकटात करतो: मूळ आकडे दर दोन सेकंदांनी एकदा, सलग तीनदा चुकला की बाहेर, सलग दोनदा जमला की परत आत.

दुसरी म्हणजे लॉग. प्रत्येक ओळीत रांगेत किती वेळ गेला, जोडणीला किती, उत्तराला किती, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं आणि शेवटी कनेक्शन कुणी तोडलं याची छोटी खूण असते. मोठा एस आणि सी दिसला की सर्व्हरनं जोडणीच नाकारली. छोटा एस आणि एच दिसला की सर्व्हर हेडर द्यायच्या आधीच वेळ संपला. भांडण कुणाचं हे एका नजरेत कळतं.

तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे रांग. प्रत्येक सर्व्हरला एका वेळी किती मागण्या द्यायच्या याची मर्यादा घालता येते. त्यापलीकडच्या मागण्या एचएप्रॉक्सी आपल्याकडे धरून ठेवतो, ॲपवर ढकलत नाही. याचं महत्त्व तुमचा लॉग आला की लिहितो, मला थोडा अंदाज आहे.

नोडकरी

एक अनुभव सांगून ठेवतो, कदाचित तुमचं ५०२ याच जातीचं असेल.

आमच्याकडे नोडजेएसचं ॲप होतं आणि पुढे एक तयार बॅलन्सर. गर्दी नसतानाही दिवसातून पंधरा-वीस वेळा ५०२ यायचा, आणि ॲपच्या लॉगमध्ये त्या मागणीची नोंदच नसायची. तीन आठवडे आम्ही ॲपमध्येच चूक शोधत होतो. शेवटी दोन्ही बाजूंची पाकिटं पकडून शेजारी शेजारी ठेवली तेव्हा दिसलं: बॅलन्सर रिकामं कनेक्शन ६० सेकंद उघडं ठेवत होता, तर नोड ते ५ सेकंदांत बंद करत होता, ती त्याची मूळ मांडणी. नोडनं निरोपाचं पाकीट पाठवलं त्याच क्षणी बॅलन्सरनं त्याच कनेक्शनवर नवी मागणी सोडली की दोघांची चुकामूक, आणि ग्राहकाला ५०२. ॲपची मुदत ६५ सेकंद केली आणि त्या दिवसापासून एकही आला नाही.

मागच्यानं पुढच्यापेक्षा जास्त वेळ कनेक्शन उघडं ठेवावं, हे आता मी नवीन काही लावलं की पहिल्यांदा बघतो.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. महिनाअखेर परवाच झाली, लॉग घेऊन आले आहे.

५०४ च्या सगळ्या ओळींत एकूण वेळ ६० सेकंद, पण जोडणीचा वेळ शून्य किंवा एक मिलिसेकंद. हे मला कळलं नाही. ॲप बोलत नव्हतं तर जोडणी इतक्या पटकन कशी झाली?

५०२ च्या ओळींत एकूण वेळ जवळपास नेहमी ३० सेकंदांच्या आगेमागे. एरर लॉगमध्ये "मागच्यानं कनेक्शन मुदतीआधी तोडलं" अशा अर्थाचा संदेश. आणि हे ५०२ जवळजवळ सगळे एकाच पत्त्यावरचे आहेत: मासिक अहवालाचं पान.

४९९ खूप आहेत. मी मोजले नव्हते आधी कधी. ५०४ पेक्षा जास्त आहेत.

रात्रपाळी

उत्तम काम केलंत. आता चित्र स्पष्ट आहे, क्रमानं लिहिते.

अहवालाच्या पानाला ३० सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतोय. गुनिकॉर्नची मूळ मुदत ३० सेकंदांची; तेवढ्यात सिंक वर्करनं काम संपवलं नाही तर मुख्य प्रोसेस त्याला मारून नवा उभा करते. वर्कर मेला की कनेक्शन अर्ध्यातच तुटतं, तो तुमचा ३० सेकंदांचा ५०२.

पण त्या ३० सेकंदांत तो वर्कर अडकलेला असतो. सिंक वर्कर एका वेळी एकच मागणी घेतो. पाच जणांनी अहवाल उघडला तर नऊपैकी चारच वर्कर बाकीच्या जगासाठी उरले. साधं पान ०.१२ सेकंदात होत असेल तर नऊ वर्कर सेकंदाला ७५ मागण्या उरकतात, चार वर्कर ३३. मागण्या ५० च्या वेगानं येत असतील तर रांग वाढतच जाणार.

आता तुमचा प्रश्न, जोडणी शून्यात कशी. ती जोडणी गुनिकॉर्ननं केलेलीच नसते, कर्नेलनं केलेली असते. ऐकणाऱ्या सॉकेटची रांग असते, गुनिकॉर्नमध्ये ती मुळात २०४८ ची मागितलेली असते. वर्कर मोकळा असो नसो, कर्नेल हस्तांदोलन पूर्ण करून कनेक्शन त्या रांगेत ठेवतो. एंजिनएक्सला वाटतं जोडणी झाली, आता उत्तराची वाट बघू. त्याची वाचण्याची मूळ मुदत ६० सेकंद. ती संपली की ५०४.

आणि ४९९ ची गोष्ट मला सगळ्यात त्रासदायक वाटते. माणूस कंटाळून पान पुन्हा उघडतो. त्याची जुनी मागणी कर्नेलच्या रांगेत तशीच पडून असते. वर्कर मोकळा झाला की तो आधी ती जुनी मागणी उपसतो, डेटाबेसला विचारतो, उत्तर बनवतो, आणि ते घ्यायला पलीकडे कुणीच नसतं. पंधरा-वीस मिनिटं सगळं बंद पडून आपोआप ठीक होतं असं तुम्ही म्हणालात ना, तो वेळ निघून गेलेल्या माणसांची कामं उपसण्यात जातो.

सर्किटब्रेकर

यात भर घालतो. वरून आलेला निरोप पाळून तुम्ही एंजिनएक्समध्ये सरळ दुसरं मशीन जोडलं असतं तर काय झालं असतं, ते बघा.

मागच्याशी बोलताना चूक झाली किंवा वेळ संपला, तर एंजिनएक्स मूळ मांडणीत तीच मागणी दुसऱ्या सर्व्हरला देऊन बघतो. अहवालाची मागणी गेट प्रकारची, म्हणजे पुन्हा पाठवायला सुरक्षित मानलेली. पहिल्या मशीनवर ३० सेकंदांनी वर्कर मेला की तोच जड अहवाल दुसऱ्या मशीनवर सुरू. तिथेही ३० सेकंद, तिथलाही वर्कर मेला. पहिली क्वेरी डेटाबेसवर कदाचित अजून चालूच, कारण वर्कर गेला म्हणून क्वेरी लगेच थांबतेच असं नाही. दोन मशीन आणि दुप्पट त्रास, तोही एकाच बिचाऱ्या डेटाबेसला.

पोस्ट प्रकारच्या (माहिती नोंदवणाऱ्या) मागण्यांना १.९.१३ आवृत्तीपासून हा पुनर्प्रयत्न मुळात बंद आहे, ते बरं आहे. नाहीतर एकच नोंदणी दोनदा झाली असती.

पाटीपेन्सिल

हे वाचून मी अक्षरशः उठून उभी राहिले. दुसऱ्या मशीनची मागणी आज पाठवणार होते.

मग आता अहवालाचं काम पार्श्वभूमीत ढकलायचं हे नक्की, पण त्याला महिना-दीड महिना लागेल. तोपर्यंत प्रॉक्सीच्या पातळीवर काय करता येईल?

दोनाचेचार

दोन गोष्टी, दोन्ही आजच होतील.

एक: गुनिकॉर्नच्या दोन वेगळ्या प्रोसेस चालवा. एकीत दोनच वर्कर, मुदत १२० सेकंद, फक्त अहवालासाठी. दुसरीत बाकीचे. एंजिनएक्समध्ये पत्ता पाहून अहवालाची मागणी पहिलीकडे वळवा आणि त्या एका पत्त्यापुरती वाचण्याची मुदतही वाढवा, नाहीतर ६० ला तो तोडेल. अहवालवाले आपापसात रांग लावतील, नोंदणीवाल्यांना त्यांचा त्रास होणार नाही. लक्षात घ्या, मशीन अजून एकच आहे, वाटणी काहीच नाही, आणि तरी नोंदणीची तक्रार इथेच संपायला हवी.

दोन: रांग कर्नेलमध्ये न ठेवता अशा ठिकाणी ठेवा जिथे ती दिसते. इथे एचएप्रॉक्सी. सर्व्हरची मर्यादा वर्करच्या संख्येइतकी, म्हणजे सात वर्कर तर सात. आठवी मागणी त्याच्या रांगेत थांबेल आणि किती जण थांबलेत हे आकडेवारीच्या पानावर दिसेल. रांगेची मुदत दहा सेकंद ठेवलीत तर अकराव्या सेकंदाला माणसाला ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) मिळेल, साठ सेकंद अंधारात बसावं लागणार नाही. शिवाय क्लायंट निघून गेला तर रांगेतली त्याची मागणी काढून टाकायचा पर्याय आहे, तो चालू करा. वर्कर मग जिवंत माणसांचीच कामं करतील.

हलका_हात

म्हणजे एंजिनएक्स काढायचा का मग? मला ते पटत नाही. हळू नेटवर्कवरून कुणी मोठी फाइल चढवत असेल तर एंजिनएक्स ती पूर्ण स्वतःकडे घेतो आणि मगच ॲपला एका दमात देतो. गुनिकॉर्नच्या सिंक वर्करला या आडोशाची गरज असते, त्यांच्या दस्तऐवजातही पुढे बफर करणारा प्रॉक्सी ठेवा असं आग्रहानं लिहिलंय. एचएप्रॉक्सी पूर्ण फाइल अशी साठवत नाही, येईल तशी पुढे सोडतो.

दोनाचेचार

बरोबर, आणि हे मी लिहायला हवं होतं. काढू नका. दोन्ही ठेवा, पण क्रम नीट लावा.

लोक सहसा एचएप्रॉक्सी बाहेर आणि एंजिनएक्स आत लावतात. तुमच्या बाबतीत ते उलटं हवं. एचएप्रॉक्सी बाहेर असला तर हळू चढणारी फाइल त्याच्या मोजणीत एक जागा अडवते, वर्कर रिकामा असला तरी. सात संथ माणसं आली की सातही जागा भरल्या. म्हणून बाहेर एंजिनएक्स: टीएलएस, स्थिर फायली, बफर. त्याच्यामागे त्याच मशीनवर एचएप्रॉक्सी: मोजणी, रांग, तपासणी. त्याच्यामागे गुनिकॉर्न. मधल्या उडीला जाणारा वेळ स्थानिक आहे, तुमच्या १२० मिलिसेकंदांत तो कुठे दिसणारही नाही.

तिथे एकच काळजी घ्या. एंजिनएक्स आणि एचएप्रॉक्सी यांच्यात कनेक्शन पुन्हा वापरली जाताहेत ना ते बघा. प्रत्येक मागणीला नवं कनेक्शन आणि ते प्रॉक्सीनंच बंद केलं, तर ते पोर्ट लिनक्सवर ६० सेकंद टाइमवेट अवस्थेत (कनेक्शन बंद, तरी पोर्ट अडकलेलं) राहतं. तात्पुरत्या पोर्टची मूळ श्रेणी ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे एका लक्ष्याला साधारण २८ हजार. भागिले ६०, सेकंदाला ४७० च्या आसपास. तुम्ही आज तिथे नाही, पण वाढलात तर "पत्ता नेमून देता येत नाही" असा संदेश येईल आणि अर्थ लागणार नाही.

नवी_पालवी

मध्येच विचारते, ट्रॅफिक किंवा एन्व्हॉय का नको? सगळीकडे त्यांचंच नाव ऐकते.

सर्किटब्रेकर

वाईट मुळीच नाहीत. एन्व्हॉय लिफ्ट कंपनीत घडला, २०१६ मध्ये खुला झाला. शेकडो सेवा एकमेकींशी बोलताहेत आणि मागचे सर्व्हर मिनिटामिनिटाला बदलताहेत अशा ठिकाणी त्याची खरी किंमत कळते. ट्रॅफिक कंटेनर उगवले-मावळले की स्वतःहून ओळखतो. कॅडी हा असाच आणखी एक, तो टीएलएसची प्रमाणपत्रं आपोआप आणतो, छोट्या कामाला फार सोयीचा. वार्निश मुळात कॅश आहे, २००६ मध्ये एका नॉर्वेजियन वृत्तपत्राच्या संकेतस्थळासाठी तयार झालेला. एकच पान हजारोंना द्यायचं असेल तिथे तो हवा. इथे दोन ठरलेली मशीनं आहेत आणि प्रत्येकाचं पान वेगळं आहे. एवढ्यासाठी नवा डोलारा उभारून तो रात्री सांभाळायला शिकणं मला पटत नाही.

रात्रपाळी

दुसरं मशीन तरी घ्याच, पाटीपेन्सिल, पण वेगळ्या कारणासाठी: पहिलं मरेल त्या दिवसासाठी. मग हिशोबही वेगळा होतो. दोन मशीनं प्रत्येकी ७० टक्के भरलेली असतील तर एक गेलं की उरलेल्यावर १४० टक्के येणार. म्हणजे ते ताबडतोब दुसरंही झोपणार. दोन असताना प्रत्येकानं ५० च्या आतच राहिलं पाहिजे.

तपासणीच्या पानाबद्दल एक जुनी रात्र सांगते. आम्ही ते पान फार मेहनतीनं लिहिलं होतं: डेटाबेसला विचारायचं, कॅशला विचारायचं, सगळं ठीक असेल तरच २०० हे होकाराचं उत्तर. एका रात्री डेटाबेस चार मिनिटं संथ झाला. सहाच्या सहा सर्व्हरांची तपासणी एकाच वेळी चुकली, बॅलन्सरनं सहाही बाहेर काढले, आणि ज्या पानांना डेटाबेस लागतच नव्हता तीही ५०३ द्यायला लागली. संथ चाललेली साइट आम्ही आमच्या हातानं बंद केली. तेव्हापासून बॅलन्सर ज्या पानाला विचारतो ते फक्त एवढंच सांगतं की ही प्रोसेस जिवंत आहे आणि मागणी घेऊ शकते. डेटाबेसची चौकशी वेगळ्या पानावर, ती माणसाला जागं करण्यासाठी.

दोनाचेचार

याची दुसरी बाजू पण बघा. "ज्याच्याकडे कमी कनेक्शन त्याला द्या" ही पद्धत मला आवडते, पण एक सर्व्हर बिघडून दोन मिलिसेकंदांत ५०० (सर्व्हरमधली चूक) फेकायला लागला तर त्याच्याकडे कनेक्शन कायमच कमी दिसतात. बॅलन्सर बहुतेक गर्दी त्याच बिघडलेल्याकडे लोटतो. म्हणून एचएप्रॉक्सीमध्ये खऱ्या उत्तरांवर नजर ठेवायची सोय चालू करा. ठरावीक संख्येनं ५०० सारख्या चुका आल्या की सर्व्हर बाहेर.

नोडकरी

आणि दुसरं मशीन आलं की ॲपमधल्या या जागा तपासा. सेशन (कोण लॉगिन आहे याची नोंद) प्रोसेसच्या मेमरीत किंवा स्थानिक डिस्कवर असेल तर लोक दर दुसऱ्या क्लिकला बाहेर फेकले जातील. चिकट सेशननं (एका माणसाला कायम त्याच मशीनकडे पाठवून) ते झाकता येतं, पण मशीन गेलं की त्यावरचे सगळे बाहेर. त्यापेक्षा सेशन डेटाबेसमध्ये किंवा रेडिससारख्या सामायिक साठ्यात. चढवलेल्या फायली एका मशीनच्या डिस्कवर राहिल्या तर अर्ध्या वेळा सापडणार नाहीत.

आयपीचं पण बघा. ॲपला आता सगळे एकाच पत्त्यावरून आलेले दिसतील. आमच्याकडे चुकीच्या पासवर्डवर आयपी अडवायची सोय होती. एकानं पाच वेळा चुकवला आणि सगळेच अडले. फॉरवर्डेड-फॉर हेडरमधून खरा पत्ता घ्या, पण तो फक्त आपल्या प्रॉक्सीनं लिहिलेला असेल तरच माना. बाहेरून आलेलं हेडर कुणीही हवं ते लिहून पाठवू शकतो.

पाटीपेन्सिल

दोन महिन्यांनी परत आले आहे, उशीर झाला.

पहिल्याच महिनाअखेरीला, दुसरं मशीन नसताना, फक्त अहवाल वेगळा काढून आणि एचएप्रॉक्सीची रांग लावून, नोंदणीच्या पानावर एकही ५०४ आला नाही. रांगेत जास्तीत जास्त ११ जण दिसले, दोन सेकंदांच्या आत सुटले. अहवाल आता पार्श्वभूमीत तयार होतो आणि तयार झाला की कळवतो.

मग दुसरं मशीन आणलं. दोन्हींवर तेच तीन थर, आणि कीपअलाइव्हडीनं (एक मशीन गेलं की आयपी दुसऱ्याकडे नेणारं साधन) एक सामायिक आयपी. तो आयपी एका वेळी एकाच मशीनकडे असतो, त्यामुळे मागण्या मोजणारा एचएप्रॉक्सीही एकच राहतो. दोन्ही एकदम चालू ठेवले असते तर प्रत्येकानं आपापल्या सात जागा धरल्या असत्या आणि मोजणी फसली असती, हे वेळेवर लक्षात आलं.

गेल्या मंगळवारी भर दुपारी, सगळ्यांना सांगून, पहिलं मशीन बंद केलं. हात थरथरत होते, खरं सांगते. साधारण चार सेकंदांत आयपी दुसरीकडे गेला. त्या चार सेकंदांत १७ मागण्या फसल्या. लोक लॉगिन राहिले. एक गोष्ट मात्र राहून गेली होती: रात्री आठवणीचे मेल पाठवणारं क्रॉनचं (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) काम दोन्ही मशीनवर होतं, आणि आधीच्या तीन रात्री सगळ्यांना दोन-दोन मेल गेले होते. आता ते डेटाबेसमध्ये कुलूप घेऊनच सुरू होतं.

रात्रपाळी

भर दुपारी बंद करून पाहिलंत याचा फार आनंद झाला. बहुतेक जण हे करत नाहीत.

एक विचारते: टीएलएस प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं आहे का? ९० दिवसांचं असतं. पडताळणीची मागणी सामायिक आयपीवर येते, म्हणजे आयपी ज्याच्याकडे आहे त्याच मशीनवर. शांत बसलेल्या दुसऱ्या मशीनचं नूतनीकरण होतंय का?

पाटीपेन्सिल

आत्ता जाऊन बघितलं. दुसऱ्या मशीनवर नूतनीकरण तीन आठवड्यांपासून रोज फसतंय, लॉगमध्ये तशाच ओळी आहेत. प्रमाणपत्र संपायला नऊ दिवस होते. पहिल्यावरून नक्कल करून दुसऱ्यावर ठेवायची स्क्रिप्ट लिहिली, एंजिनएक्स रीलोड केला, आणि दोन्हींच्या मुदतीची तारीख रोज सकाळी तपासायला लावली आहे.